अख्खा संघ घरी

माझ्या बायकोच्या भावाला सगळे शिट्टी म्हणतात. दिवसा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि संध्याकाळी मुलींच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर पंच म्हणून उभं राहायचं, एवढंच त्याचं आयुष्य. लग्न केलं नाही. मुलगी बघायला गेला असता तरी तिच्या चुकाच मोजून आला असता, असं माझी बायको म्हणते. घरात पत्ते खेळताना कोणी लबाडी केली की हा डाव उधळून द्यायचा. माझं त्याच्याशी कधी फारसं जमलं नाही.

त्याचं दुखणं एकच. चेंडू बोटाला लागून बाहेर जायचा आणि खेळाडू बिनधास्त सांगायची, लागलाच नाही. पकडली गेली तर एक गुण जायचा, बस्स. एवढ्याने कोण सुधारणार, असं तो म्हणायचा. एखादी खोटं बोलली की अख्खा संघ वर्षभर घरी बसवा, मग बघा कशा सरळ होतात. व्हॉलीबॉल संघटनेच्या प्रत्येक बैठकीत त्याने हेच लावून धरलं. शेवटी कंटाळून का होईना, त्यांनी तसा नियम केला. त्या दिवशी स्वारी आमच्याकडे आईस्क्रीम घेऊन आली होती.

माझी मुलगी एका कारखान्याच्या संघात होती. खेळाडू म्हणूनच तिला तिथे कामाला घेतलं होतं. एका सामन्यात चेंडू कप्तानाच्या बोटाला लागला आणि तिने साफ नाकारलं. पंच दुसराच होता, त्याला नीट दिसलं नव्हतं. त्याने शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पोरीला विचारलं. मामाच्या तालमीत वाढलेली ती, म्हणाली, "लागला."

संघ घरी बसला. न खेळणारा संघ कशाला पोसायचा, म्हणून कारखान्याने सगळ्यांना काढून टाकलं. खोटं बोललेल्या कप्तानाला मैत्रिणींनी केव्हाच माफ केलं. माझ्या मुलीचा फोन मात्र कोणी उचलेना.

वर्ष सरल्यावर मी आणि शिट्टी तिच्यासाठी संघ शोधत फिरलो. कोणी धड उत्तर देईना. शेवटी राहिला बंदरावरचा संघ. त्यांचा प्रशिक्षक भला माणूस, त्याने चहा मागवला, पोरीच्या खेळाचं तोंड भरून कौतुक केलं.

"मग घ्या की तिला," शिट्टी म्हणाला.

"कशी घेऊ? उद्या माझी एखादी खोटं बोलली, तर ही सांगून मोकळी होणार. तुमच्या नियमाने माझा सगळा संघ बुडेल. त्यापेक्षा खोटं बोलणारी परवडते हो."

 परतताना मला शिट्टीची गचांडी धरावीशी वाटत होती, आणि त्याची दयाही येत होती.

मुलगी दारातच उभी होती. चपला काढता काढता शिट्टी म्हणाला, "जागा भरल्यात गं. आपल्याला जरा उशीर झाला."

"म्हणजे मी तेव्हा बोलले, त्यामुळे नाही ना?"

"छे. त्याचा काय संबंध?"

तिचा चेहरा खुलला. मामा खोटं बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मग पुढच्या वर्षी लवकर जाऊ या, मामा," ती म्हणाली, आणि बूट घालून सरावाला गेली.