नालीतला पर्मनंट

खाप्याच्या रस्त्याला आमचा पनीरचा कारखाना आहे. तिथं माल चांगला की वाईट हे मी ठरवतो. हे काम मला कोणी आणि काय बघून दिलं, हा प्रश्न माझ्या बायकोला लग्नापासून पडलेला आहे.

पनीर कापायच्या टेबलाखाली एक नाली आहे. दर तपासणीत तिच्यातून तोच जंतू निघायचा, लिस्टेरिया. ॲसिड टाका, उकळतं पाणी ओता, थोडे दिवस गायब, मग साहेब परत हजर. थंडीत बाकीचे जंतू आखडतात, हा फ्रिजमध्येही वाढतो. मी त्याला ‘आपला पर्मनंट’ म्हणायचो. कुठंतरी वाचलं होतं, की कारखान्यात वर्षानुवर्षं मुरलेल्या अशा जंतूंपैकी काहींची माणसाच्या आतड्यात शिरायची ताकद कमी होते. त्यातला ‘काहींची’ हा शब्द मी गिळून टाकला आणि नव्या कामगारांना सांगू लागलो, “याचे दात पडलेत. पेन्शनीत निघालेला आहे बिचारा.” लोक हसायचे. आणि लोक हसले की मला माझं बोलणं खरं वाटायला लागतं.

वर मी हट्ट करून जोराच्या फवाऱ्याची मशीन आणवली. नालीत फवारा मारला की फरशी आरशासारखी व्हायची. बारीक तुषार उडून टेबलावर बसायचे. ते मला दिसायचे. पाणीच तर आहे, म्हणायचो.

बहीण खापरखेड्याच्या कॉलनीत राहते. तिला सातवा महिना होता. आधी दोनदा पोट पडलं होतं, म्हणून घरात सगळे पावलं जपून टाकत होते. तिला डोहाळे लागले थंडगार कच्च्या पनीरचे, वरून मीठ भुरभुरवून.

“भाजून देऊ का वं?” मी विचारलं.

“काहून? तुह्याच कारखान्याचं हाये ना? का लोकायलेच खाऊ घालता?”

मी फुललो. ती खात होती आणि मी तिला दात पडलेल्या पर्मनंटची गोष्ट सांगत होतो. ती इतकी हसली की ठसका लागला. अर्धं पनीर मीच संपवलं. मला साधी ढेकरही आली नाही. धडधाकट माणसाला हा जंतू बहुधा सोडून देतो. पोटुशीच्या मात्र नाळेतून आत जातो.

काही आठवड्यांनी तिला ताप आला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, मेलेली. बहिणीच्या रक्तात लिस्टेरिया निघाला. मी नालीतला नमुना त्याच लॅबमध्ये दिला. जुळला. दात सगळे जागेवर होते.

मी खाटेपाशी उभा राहून सगळं सांगितलं, नाली, फवारा, पनीर. बहिणीच्या सासूबाईंनी हात जोडले.

“भाऊ, अशा टायमालेही तुमी गमती करून राहिले. पपई खाल्ली तिनं. म्या माह्या डोयानं पाह्यलं.”

बहिणीच्या नवऱ्यानंही आईच्या बोलण्याला मान हलवली. जन्मभर स्वतःच्या फजित्या तिखटमीठ लावून विकल्या. ही एक साधी, खरी होती, तर गिऱ्हाईक नाही.

भिंतीकडे तोंड करून पडलेली बहीण तेवढी वळली.

“त्याचे दात पडले होते ना गा?” ती म्हणाली.

पुढं माल बाजारातून परत बोलावला, नाली उखडली, मशीन भंगारात गेली. सहा महिने तपासणी कोरी आली. मग थंड खोलीच्या दाराच्या रबरात पर्मनंट पुन्हा सापडला. रबर बदललं. सध्या तो कुठं बसला आहे, मला माहीत नाही.

भाऊबीजेला बहिणीनं ओवाळलं. सासरी तिला अजून पपईवरून टोमणे बसतात, त्या दिवशीही बसले. ती उठली. आत गेली, फ्रिजमधून ताटली आणून माझ्यासमोर ठेवली. आमच्याच कारखान्याचं पनीर, थंडगार, वर मीठ.

“खा दादा,” ती म्हणाली. “तुले काही होत नाही.”

समोर बसून तिनं शेवटचा तुकडा संपेपर्यंत पाहिलं. मला खरंच काही झालं नाही.