शाल आणि ओढणी

देवाकडे काही मागायची सवय मला कधीच नव्हती. आणि त्या उन्हाळ्यात मागावं तरी काय, हेच कळेना. महागाव तालुक्यातल्या एका दवाखान्यात मी नर्स होते. साप चावलेली एक तरुण सून फार उशिरा आली आणि आमच्या डोळ्यांदेखत गेली. तिच्या भावानं सलाईनचा स्टँड उचलून माझ्या खांद्यावर घातला. खांदा बरा झाला, पण सुई धरली की हात थरथरायचा, वॉर्डाच्या दाराशी पाय अडायचे. नोकरी सोडायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी उपाय म्हणून कार्यक्रम ठेवला. दीपप्रज्वलन, मनःशांतीवर व्याख्यान, आणि भर मे महिन्यात मला शाल. आमची आया शांतामावशी कानात कुजबुजली, "शाल त भेटली सिस्टर, आता थंडी कोन देनार?" 'मन मोकळं करा,' असं वक्त्यांनी बजावलं. कोणापाशी, ते सांगायच्या आत त्यांची गाडी आली.

पुढे मावशीनंच मला तिच्या बंजारा तांड्यावर देवीच्या भोगाला, तुपाच्या नैवेद्याला, नेलं. लिंबाखालचं लहानसं देऊळ, निखाऱ्यांवर जळणाऱ्या तुपाचा वास. मी मागे अंग चोरून उभी होते. तेवढ्यात आरशांची ओढणी घेतलेली एक अनोळखी म्हातारी आली, माझ्या गळ्यात पडली आणि सुरात, मोठ्यानं रडू लागली. तिच्या गोरबोलीतला एक शब्द कळेना. आधी मी ताठ राहिले. मग आतलं काहीतरी सुटलं आणि मीही रडले. त्या सुनेसाठी रडायला मला कोणी वेळच दिला नव्हता.

ओढणीनं माझे डोळे पुसून तिनं आता मराठीत विचारलं, "कोन गेलं वं बाई तुहं?"

तांड्यावरच्या बायांची ती रीत: दुखवट्यातलं माणूस भेटलं की आधी गळ्यात पडून रडायचं, चौकशी मागाहून. माझा चेहरा पाहून म्हातारी फसली होती.

"माझं कोणी गेलं नाही, आजी. दवाखान्यात एक पोर गेली."

"मंग तुहीच नं ते," ती म्हणाली. "जाय, परसाद खाय."

सोमवारी मी वॉर्डात गेले. हात थरथरला, पण सुई लागली.

आता मी आर्णीच्या दवाखान्यात आहे. शाल घडीतच आहे. कुठे तूप जळल्याचा वास आला की ती दुपार परत येते आणि खांद्यावर त्या म्हातारीचं डोकं जाणवतं. तिला देवीनं पाठवलं की तिची नजर अधू होती, हा निवाडा मी करत नाही. आपला भार आपणच उतरवायचा असतो असं नाही, एवढं मात्र कळलं. दाराशी कोणी रडत आलं की मी आधी जवळ जाऊन उभी राहते. नाव मागाहून विचारते.