दळवींच्या ट्रकची खटखट

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात हेमचंद्र दळवींना वर्षातून एकच दिवस मान होता, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. विसर्जनाच्या दिवशी गणपतीचा ट्रेलर त्यांचा पिकअप ट्रक ओढायचा. एकोणीस वर्षं हाच ट्रक आणि हाच ड्रायव्हर. निघण्याआधी दळवींना भगवा फेटा बांधायचा, ट्रकच्या चाकासमोर नारळ फोडायचा, मग अध्यक्षांनी "चला काका" म्हणून हात करायचा, असा रिवाज पडून गेला होता. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस दळवीकाका म्हणजे दिसेल त्यात खोट काढणारे म्हातारे. पॉटलकच्या जेवणाला त्यांच्या शेजारची खुर्ची सगळ्यात शेवटी भरायची.

पण खोट काढण्याचाच तर त्यांनी जन्मभर पगार घेतला होता. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये ते एकतीस वर्षं आवाज शोधत होते. डोळे मिटून गाडीत बसायचं आणि करकर कुठून येते, खडखड कशाची आहे ते सांगायचं. एकदा डॅशबोर्डखालच्या एका पट्टीचा आवाज येऊ लागला. दळवी म्हणाले, वेल्ड सुटत आलंय. बॉस म्हणाला, फेल्टच्या जाड कापडाचा तुकडा कोंबा, आवाज थांबला की काम झालं. दळवींनी सही करायला साफ नकार दिला. फेल्ट कोंबला गेलाच, वर दळवींना मागच्या बिल्डिंगमध्ये कोपऱ्यातलं टेबल मिळालं. दोन वर्षांनी ती पट्टी हजारो गाड्यांत बदलावी लागली, पण 'दळवी, तुमचं बरोबर होतं' असं म्हणायला कोणीही त्या टेबलापर्यंत आलं नाही.

ही गोष्ट मंडळातल्या प्रत्येकाने किमान तीनदा ऐकली होती. शेवटचं वाक्यही पाठ झालं होतं: "आवाज हा साक्षीदार असतो. त्याचं तोंड दाबलं म्हणून गुन्हा मिटत नाही."

तर या दळवींच्याच ट्रकचा आवाज येऊ लागला. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं आणि ते गाडीला खालून खात राहतं. ट्रकच्या मागे बंपरखाली एक चौकोनी लोखंडी नळी असते, तिला हिच म्हणतात. तिच्यात ट्रेलर ओढायचा दांडा सरकवायचा, आरपार पिन घालायची, की झालं. एकोणीस हिवाळ्यांत त्या नळीचं तोंड फाकलं होतं आणि पिनेचं गोल भोक झिजून लांबट झालं होतं. दांडा आत सैल बसायचा. ब्रेक दाबला की खटक, सोडला की खटक.

जुलैच्या मीटिंगनंतर अध्यक्ष अनिश त्यांना बाजूला घेऊन बोलला. मुलगा आयटीतला, पुण्याचा, गोड बोलणारा.

"काका, गेल्या वर्षी तो आवाज जरा जास्तच येत होता यार. पेरेंट्स घाबरतात, ट्रेलरवर मुलं बसतात ना. राजेशने नवीन ट्रक घेतलाय. या वर्षी तुम्ही रिलॅक्स करा. पुढे खुर्ची टाकतो तुमच्यासाठी."

खुर्ची! दळवींच्या अंगाची लाही लाही झाली. तोंडाने मात्र ते म्हणाले, "आवाज ना? काढतो मी. विसर्जनापर्यंत चूं होणार नाही."

घरी येऊन ते ट्रकखाली शिरले. नळीवरचा गंज ब्रशने खरवडला, तेव्हा कोपऱ्यात केसाएवढी एक रेघ दिसली. बोट फिरवून पाहिलं. तडा होता. दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली ही रेघ दिसली असती, तर दळवींनी मालकाची किल्ली काढून घेतली असती. अख्खी नळी काढून नवी बसवायची, याला दुसरा उपाय नव्हता. पण ज्या आडव्या लोखंडाला ती बसवायची तेही मिठाने पोखरलेलं होतं. वर्कशॉपवाला गाडी वर उचलेल, एकदा पाहील आणि सांगेल, हा ट्रक आता काही ओढायच्या लायकीचा नाही. ते ऐकायला लागू नये म्हणून दळवी वर्कशॉपमध्ये गेलेच नाहीत.

त्यांनी पोलादाच्या दोन पातळ पट्ट्या कापल्या आणि दांडा आणि नळी यांच्यामधल्या फटीत ठोकून बसवल्या. वरून एक शिकंजा आवळला. दांडा धरून गदागदा हलवला. आवाज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. अनिशला व्हिडिओ पाठवला, त्याचं लगेच उत्तर आलं: "काका रॉक्स!"

विसर्जनाच्या सकाळी ते गोदामातून ट्रेलर घेऊन शाळेच्या पार्किंग लॉटकडे निघाले. वाटेत रेल्वेचे रूळ लागले. ट्रेलर उसळला, आदळला, आणि तरीही मागून काहीच ऐकू आलं नाही. जन्मभर ज्यांनी आवाजावरून खोट शोधली, त्यांना त्या शांततेने घाम फोडला. काय चाललंय ते सांगणारं आता मागे कोणी उरलंच नव्हतं.

शाळेत पोचल्यावर फेटा बांधला गेला. कांचनने, त्यांच्या बायकोने, नेहमीसारखा फोटो काढला. मूर्ती ट्रेलरवर चढली, सात-आठ मुलं चढायला रांगेत उभी राहिली. मागे ढोल-ताशा पथक. मिरवणूक रस्त्यावरून पुलाचा चढ चढणार होती. चढावर ट्रेलर सुटला तर तो सरळ पथकावर जाणार, आणि सुरक्षेच्या साखळ्याही त्याच गंजक्या लोखंडाला अडकवलेल्या.

कोणीतरी नारळ हातात घेतला. दळवी फेट्यासकट ट्रकखाली शिरले. केसाएवढी रेघ आता बोटभर झाली होती, आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

ते बाहेर आले. फेट्याला ग्रीस लागलं होतं.

"अनिश, मुलांना चढवू नका. ट्रेलर सोडवा. हिचला तडा गेलाय."

"काका, पण आता तर आवाजच नाहीये!"

"आवाज मी दाबला. तडा मला जुलैपासून माहीत आहे. पट्ट्या ठोकून लपवला. मी खोटं वागलो."

आयुष्यात एवढं कठीण वाक्य ते कधी बोलले नव्हते. आता कोणीतरी ओरडेल, शिव्या देईल, अशी त्यांनी वाट पाहिली. अनिशने घड्याळ पाहिलं. राजेश ट्रक घेऊन शिकागोला गेला होता. अनिशने दोन मिनिटं इकडेतिकडे बोलून माईक हातात घेतला.

"मंडळी, या वर्षी आपण एक ट्रॅडिशनल एक्स्पीरियन्स करतोय! बाप्पाचा रथ आपण सगळे मिळून हाताने ओढणार! पुलाकडे जायचं नाही, इथेच लॉटमध्ये तीन राउंड्स!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुठून तरी दोर आले. डॉक्टर, इंजिनियर, एरवी घरातलं कार्पेटही न उचलणारे, सगळे दोराला भिडले. नारळ दोरासमोर फुटला. "मोरया!"च्या गजरात ट्रेलर जागचा हलला आणि बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारून धावत जाणारी एक बाई धापा टाकत म्हणाली, "काका, किती छान आयडिया! दर वर्षी असंच करायला हवं!"

दळवी रिकाम्या ट्रकपाशी उभे राहिले. त्यांनी कबूल केलेला गुन्हा कोणी ऐकूनच घेतला नव्हता. एकोणीस वर्षांचा रिवाज दहा मिनिटांत मोडला, आणि लॉटभर कोणालाही तो मोडल्याचं कळलं नाही. फेटा त्यांनी स्वतःच सोडला आणि शेजारच्या सीटवर ठेवला.

संध्याकाळी घरी आल्या आल्या ते शिकंजा सोडवायला बसले. कांचन गॅरेजच्या दारात आली. तिच्या हातात अर्धा नारळ होता.

"अनिशने दिलाय. म्हणाला, पुढच्या वर्षी दोर जाड आणू."

दळवींनी पट्ट्या उपसून काढल्या आणि दांडा हलवला. खटक.

"तुम्ही त्या ठोकत होतात तेव्हा मी इथेच उभी होते," कांचन म्हणाली. "तुमचा चेहरा पाहिला. काहीतरी दडवताय हे कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा फेटा जाईल म्हणून."

दळवींना तो जुना बॉस आठवला, फेल्टचा तुकडा चिमटीत धरलेला. सवयीने त्यांनी आतल्या आत त्याच्यासाठी एक शिवी शोधली. कोपऱ्यातल्या त्या टेबलावर आणि नंतरच्या रिकाम्या वर्षांत हाच राग त्यांना पुरला होता. आज तो आलाच नाही. त्यांनी पट्ट्या डब्यात टाकल्या आणि ग्रीसच्या हातानेच नारळ घेतला.