कंपनीच्या टी-शर्टांची गोधडी

नशिराबादच्या आमच्या घरात दोनच खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी माझी खाट, आणि खाटेपासून दारापर्यंत आईनं शिवायला घेतलेली गोधडी. पसरलेल्या गोधडीवर पाय द्यायचा नाही, हा आईचा नियम. धडधाकट माणूस भिंतीला चिकटून, अंग चोरून पलीकडे जातो. मांडीत सळई आणि काखेत कुबड्या असलेल्याला ते जमत नाही. सकाळी आईनं गोधडी पसरली की दुपारी ती गुंडाळेपर्यंत मी अडकलोच. लघवीला जायचं तरी आधी सांगायचं. चाळिशीच्या माणसाला याची किती लाज वाटते ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळेल. मी चिडायचो, आणि चिडून तिथेच पडून राहायचो.

जळगावच्या एका पाइप कारखान्यात मी मशीनवर होतो. सकाळची पाळी संपवून मोटरसायकलवर घरी येताना हायवेवर ट्रकनं मागून उडवलं. सहा महिने घरी बसा, म्हणाले डॉक्टर. सुपरवायझर साहेबांनी फोन करून सांगितलं की तुझी जागा ठेवलीय. त्या एका वाक्यावर मी दिवस ढकलत होतो. मला कामावर परत जायचं होतं, बाकी काही नको होतं.

आई माहेरची धुळ्याकडची. इतकी वर्षं इथे काढली तरी अहिराणीच बोलते. जन्मभर तिनं सुती लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. आता तशी लुगडी राहिली नाहीत. टी-शर्टांचे मात्र घरोघरी ढीग. क्लासचे, क्रिकेट स्पर्धेचे, प्रचारात वाटलेले. गल्लीतल्या बायका पिशव्या भरभरून आणून टाकायच्या. पहिली गोधडी तिनं लुगड्यासारखीच शिवायला घेतली, कडेपासून आत, फेऱ्यावर फेरे. टी-शर्टाचं कापड ताणत ताणत आत सरकलं आणि मधोमध गोधडीला पोट सुटलं. दोन दिवस ती टाके उसवत बसली होती. मी खाटेवरून म्हटलं, प्रत्येक तुकड्याखाली आधी सुती चिंधी टाचून घे, मग शिव. तसं केल्यावर गोधडी सपाट बसली. झालं, तेव्हापासून तुकडे टाचायचं आणि सुया ओवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बायका म्हणू लागल्या, भाऊचा हात चांगला आहे. हात चांगला आहे याचाच मला राग यायचा.

आईची आणखी एक पद्धत होती. कापडाला कात्री लावण्याआधी ती ज्याचं त्याला, याचं काम संपलं ना, असं विचारायची, "येनं काम व्हयनं ना?" समोरच्यानं तोंडानं हो म्हटलं तरच कापायचं. पिशवी आणणाऱ्या बायकांनाही ती एकेक टी-शर्ट वर धरून विचारायची. माझे कंपनीचे सहा निळे टी-शर्ट कपाटात होते. त्यांना हात लावू नको, असं मी तिला बजावलं होतं.

सहावा महिना संपताना जळगावला पायाचा एक्स-रे काढायला गेलो. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, हलकं काम सुरू करा. कुबड्या सुटल्या. रिक्षातून घरी येताना मी चक्क गुणगुणत होतो. दारात पोचलो तर समोर नवी गोधडी पसरलेली, आणि तिच्यात निळेच निळे चौकोन. सहाच्या सहा कापलेले. छातीवरच्या छापील अक्षरांतून सुई जात नाही म्हणून तेवढा भाग कापून तिनं बाजूला ठेवला होता.

मी खूप बोललो. एवढं आईला बोलू नये. न विचारता का कापले, हे पुन्हा पुन्हा विचारलं.

"तुले इचारं नही, कारन तू नही म्हनशी," ती म्हणाली. "त्या रोडवर तू जाशी, आनि मी दारमा बठी र्‍हासू. आते माले नही जमाव."

पुढच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. सोमवारपासून ये, गेटवर टी-शर्ट लागतो, घालून ये. आई खाली शिवत होती. तिचा हात थांबला. मी म्हटलं, साहेब, टी-शर्ट नाहीत, आईनं सगळे कापले. ते हसले. म्हणाले, स्टोअरमधून नवा घे, त्यात काय एवढं.

मग मी म्हटलं, पाय अजून दुखतोय.

पाय दुखत नव्हता. हायवेवर पुन्हा गाडी घालायची माझी हिंमत नव्हती. खाटेवर पडल्या पडल्या ट्रक जाताना ऐकू यायचे आणि मी डोळे मिटून घ्यायचो, हे सहा महिन्यांत कुणाला सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, बघू मग पुढे. नंतर त्यांचा फोन आला नाही.

मी घरीच आहे. गोधड्या टाचतो. गल्लीत सगळे आईलाच बोल लावतात, की म्हातारीनं टी-शर्ट कापले आणि पोराला कामावर जाऊ दिलं नाही. त्या दिवशी फोनवर मी काय बोललो ते तिनं समोर बसून ऐकलं होतं. ती मान खाली घालून बोल ऐकून घेते आणि कुणाला काही सांगत नाही.