पूर्वेचा ठिपका

लेगिनाने सोळा वर्षांत मला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. मलाच काय, कुणालाच नाही. काहीही सांगा, ती मान किंचित झुकवून म्हणायची, "इंग्गिह." जावाच्या बोलीत मोठ्या माणसाला 'हो' म्हणायचं तर हा शब्द वापरतात. मलेशियातल्या पेनांग बेटाच्या मागच्या अंगाला, बालिक पुलावला आमचा बाटिकचा, म्हणजे मेणाने नक्षी काढून कापड रंगवण्याचा, कारखाना आहे. तिथे सगळे मलाय बोलतात, लेगिनाही बोलते, पण हा एक शब्द तिने गावाकडचाच ठेवला.

मी तिथे मालाची नोंद आणि पाठवणी बघतो. अठ्ठावीस वर्षं झाली, आता दीड वर्ष उरलंय. माझ्या कामात हो म्हणजे हो. फॉर्मवर चौकट असते, तिच्यात खूण करायची आणि फाइल पुढे सरकवायची.

लेगिना जावातल्या इमोगिरीकडच्या खेड्यातली. तिच्या गावात बाटिक काढत नाहीत, 'लिहितात'. नवव्या वर्षापासून ती आईशेजारी बसून तांब्याच्या बारीक नळीच्या लेखणीने, गरम मेणाने कापड लिहायची. लिहिलेलं कापड दलाल घेऊन जायचा आणि कुणी लिहिलं हे कुणी विचारायचं नाही. नवरा गेला तशी ती मोलकरीण म्हणून पेनांगला आली. जॉर्जटाउनला अकराव्या मजल्यावर तिने सहा वर्षं भांडी घासली. हाताला चैन पडेना म्हणून दुपारी जुन्या वर्तमानपत्रावर दातकोरणं सोया सॉसमध्ये बुडवून ठिपके देत बसायची. एकदा मालकिणीला ते कागद सापडले. तिने विचारलं, "हे झुरळांचं औषध आहे का?" लेगिना म्हणाली, "इंग्गिह." हे ती मला हसत हसत सांगायची. पुढे मालकिणीने ते कागद ओट्याखाली पसरले होते म्हणे.

तिथून तिला आमच्या मालकीणबाईंनी, पुआन रोहायांनी, उचलून आणलं. तेव्हापासून तिचा कामाचा परवाना पुआनच्या सहीवर चालतो. सगळे तिला काक लेगिना म्हणतात. थोरल्या बहिणीला इथे काक म्हणतात. मराठी कानाला ते कसं लागतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी क्वालालंपूरच्या एका हॉटेलकडून दर्शनी भिंतीसाठी नऊ मीटर कापडाचं काम आलं. पुआनची मुलगी नादिरा मेलबर्नला चार वर्षं आरेखन शिकून नुकतीच परतली होती. तिचं हे पहिलं काम. खारफुटीच्या मुळांचं मोठं रेखाटन तिने केलं, आणि खरं सांगायचं तर ते देखणं होतं. त्याच्या सगळ्या रेघा आणि मुळांच्या आतली भरण, म्हणजे हजारो बारीक ठिपके, लेगिनाने चार महिने बसून मेणाने लिहिली.

जानेवारीत पुआननी माझ्यासमोरच तिला विचारलं होतं, "काक, कापडाशेजारी लावायच्या कार्डावर नादिराचं एकटीचं नाव टाकू ना? 'आरेखन व हस्तकाम' असं. पोरीची सुरुवात आहे."

"इंग्गिह, पुआन."

मी फॉर्मवर 'कारागिराची संमती' या चौकटीत खूण केली.

मेमधल्या एका मंगळवारी हॉटेलतर्फे च्योंगबाई पाहणीला आल्या. मेणाचं काम पुरं झालं होतं आणि गुरुवारी कापड रंगात जायचं होतं. त्यांनी चष्मा बदलला, कापडावर वाकून बोटभर अंतरावरून पाहत त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "प्रत्येक ठिकाणी एक ठिपका राहिलाय."

खरंच तसं होतं. मधे एक ठिपका आणि भोवती चार दिशांना चार, अशी ती भरण. पण प्रत्येक पुंजक्यात उजवीकडची जागा मोकळी होती. मी ते कापड शंभर वेळा पाहिलं असेल, मला कधी दिसलं नव्हतं. नादिराच्या चेहऱ्यावरून तिलाही आत्ताच दिसत असावं. ती घाईने म्हणाली, "कारागिरांकडून राहिलं असेल. भरून घेऊ."

च्योंगबाईंनी शांतपणे सांगितलं की गुरुवारी सकाळी त्या पुन्हा येतील. तोवर जागा भरल्या नसतील तर कापड घेणार नाहीत. एकदा रंगात गेलं की भरता येत नाही, इतकं त्यांनाही माहीत होतं.

पुआननी लेगिनाला हाक मारली. "भरशील ना गुरुवारपर्यंत?"

"इंग्गिह, पुआन."

बुधवारी सकाळी आठ वाजता लेगिना ठरल्या वेळी आली. बुटक्या स्टुलावर बसली, शेगडी पेटवली, मेण वितळवलं. लेखणी बुडवून काढली, नळीवर फुंकर घातली, हात कापडापर्यंत नेला आणि परत आणला. मी दहाला तिथून गेलो तेव्हा एकही ठिपका वाढला नव्हता. बाराला गेलो तेव्हाही नाही. मेण निवायला लागलं की ती ज्योत मोठी करायची, लेखणी बुडवायची, फुंकर घालायची आणि थांबायची. पुआननी दारातून तीनदा विचारलं, चाललंय ना? तीनदा इंग्गिह. मागच्या शेडमध्ये रंगारी दुसऱ्या दिवसाच्या रंगाची मापं काढत होता. तो रंग एकदा कालवला की टिकत नाही.

साडेबाराला नादिराचा धीर सुटला. तिने लेगिनाच्या हातातली लेखणी घेतली आणि स्वतः बसली. पहिलाच ठिपका द्यायला गेली तर मेणाचा मोठा थेंब मुळावर पडला आणि पसरला. लेगिनाने सळई तापवली, थेंब अलगद सैल करून उचलला, खालची जागा गरम पाण्याच्या फडक्याने टिपून पुन्हा कोरी केली. नादिराच्या खांद्याला हात लावून तिला उठवलं. स्टुलावर बसली. पुन्हा फुंकर, पुन्हा थांबणं.

पुआननी मला आत बोलावलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तिच्या परवान्याची मुदत पुढच्या महिन्याच्या तीसला संपते. अर्ज माझ्या खणात आहे, सहीशिवाय. हे तिला आठवत असेल ना? तुम्ही आठवण करून द्या."

मला हा निरोप नको होता. पण नेला. लेगिना मागच्या पायरीवर डबा उघडून बसली होती. तिने केळीच्या पानावर टेम्पेचे, म्हणजे सोयाबीनच्या वडीचे, दोन तळलेले तुकडे माझ्याकडे सरकवले. मला ती पाक म्हणते, वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं. "घ्या पाक. तुमची साखर वाढवणारं नाहीये ते. तोंडच तेवढं कडू झालंय तुमचं."

मी निरोप सांगितला. तिने ऐकलं. "इंग्गिह."

"लेगिना, तो ठिपका का सोडलास?"

तिने टेम्पेचं बोट पुसलं आणि पायरीच्या धुळीत ठिपके दिले. आमच्या गावात आठवडा पाच दिवसांचाही असतो, ती म्हणाली. दक्षिणेला पाहिंग, पश्चिमेला पोन, उत्तरेला वागे, मधे क्लिवोन. लिहिताना मनात एकेक वार म्हणायचा आणि ठिपका द्यायचा, म्हणजे हात चुकत नाही. उरला पूर्वेचा लेगी. तो तिच्या जन्माचा वार, त्यावरूनच तिचं नाव.

"तिथे मीच बसलेय ना. ठिपका कशाला द्यायचा?"

"आणि कार्डावरचं नाव?"

"कार्डाचं काय, पाक. धूळ पुसताना खाली पडतं."

मग भरते म्हणून पुआनना का सांगितलंस, असं मी जरा चिडूनच विचारलं. तिला माझंच आश्चर्य वाटलं. "भरते कधी म्हणाले? त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. मोठ्या माणसाचं ऐकलं तर तसं सांगायला नको?"

माझ्या डोळ्यासमोर सोळा वर्षांच्या फायली उभ्या राहिल्या. सुट्टीच्या दिवशी येशील का, इंग्गिह. खोलीत आणखी दोघी राहतील, इंग्गिह. प्रत्येक वेळी मी खूण केलेली. जानेवारीतही तू नुसतं ऐकलंसच का, असं मी विचारलं, तेव्हा ती पान दुमडत राहिली.

मग मला एक सुचलं. मी म्हणालो, "म्हणजे उद्यापर्यंत तू ठिपके भरणार नाहीस. बरोबर ना?"

"इंग्गिह," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून तिने तोंडावर हात ठेवला.

मी पुआनना जाऊन सांगितलं, की तिला प्रश्न उलटा विचारा. त्या म्हणाल्या, "माझ्याच कारखान्यात मी उलटे प्रश्न विचारू? तुम्ही पण म्हातारे झालात." वाराचं, पूर्वेच्या जागेचं मी सांगू लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. पण पूर्ण ऐकल्यावरच थांबवलं.

गुरुवारी च्योंगबाई नऊच्या ठोक्याला आल्या. कापड मंगळवारी होतं तसंच होतं. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि विचारलं, भरायला किती वेळ लागेल? पुआन म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत होईल. मग त्या लेगिनाकडे वळल्या. शेगडी पेटलेली होती, मेण तयार होतं.

"काक लेगिना. भरतेस ना?"

आम्ही सगळे त्या शब्दाची वाट पाहत होतो. लेगिनाने लेखणी कढईच्या काठावर आडवी ठेवली. दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मबोतेन, पुआन."

तितकाच अदबीचा, पण 'नाही'चा शब्द. मी तो तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पुआनचा चेहरा उतरला. त्यांची आजी जावाची होती, त्यांना अर्थ सांगावा लागला नाही.

"काय म्हणाली ती?" च्योंगबाईंनी विचारलं.

रंगारी दारात येऊन उभा राहिला होता. शेवटी नादिरा बोलली, खाली बघत. "त्या नाही म्हणाल्या. आणि हस्तकाम माझं नाहीये. मला एक ठिपकाही देता येत नाही, काल बघितलं मी."

"मग कुणाचं?"

नादिराने आईकडे पाहिलं. पुआन कापडाजवळ गेल्या आणि एका मोकळ्या जागेवर बोट धरलं, न टेकवता. "हिचं," त्या म्हणाल्या. "ही पूर्व आहे. हा हिचा वार." बाकीचं त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं.

च्योंगबाई फोन घेऊन अंगणात दुरियानच्या झाडाखाली गेल्या. वीस मिनिटं लागली. लेगिनाने शेगडी विझवली, मेणावर साय धरत होती ती मी बघत होतो. बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "घेतो. पण ही मोकळी जागा काय आहे ते कार्डावर लिहा. नाहीतर येणारा प्रत्येक जण मला विचारेल."

रंगाऱ्याने दहाच्या आत कापड उचललं.

परवान्याच्या अर्जावर पुआननी एकोणीस दिवसांनी सही केली. त्या एकोणीस दिवसांत त्या लेगिनाशी कामापुरतंही बोलल्या नाहीत, निरोप माझ्यामार्फत गेले. नादिरा मात्र रोज सकाळी तासभर बुटक्या स्टुलावर बसते. तिचे ठिपके अजून लेगिना सळईने उचलते.

नवं कार्ड करायचं काम माझ्याकडेच होतं. फॉर्म घेऊन मी लेगिनाकडे गेलो. "तुझं नाव टाकू?" तिने नेहमीसारखी मान झुकवली. "इंग्गिह, पाक."

मी खूण केली नाही. पेन उचलून धरलं आणि पुन्हा विचारलं, "की कार्ड एकट्या नादिराच्याच नावाने काढू?"

तिने लेखणीवर फुंकर घातली. कापडाकडे बघत राहिली, इतका वेळ की मेणाचा एक थेंब तिच्या गुडघ्यावर पडला.

"मबोतेन," ती म्हणाली.

मग मी तिला तिच्या नावाचं एकेक अक्षर विचारून घेतलं.