एकटकची पापणी

फाउंड्रीत त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे त्याला 'एकटक' म्हणत. छताजवळ टांगलेल्या क्रेनच्या केबिनमध्ये, त्या पत्र्याच्या खोक्यात, तो बसे आणि खाली बघत राही. हुकाला लॅडल लटकलेली असे. लॅडल म्हणजे माणूस आत उभा राहील एवढी मोठी बादली, आणि तिच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस. ती भट्टीपासून साच्यांपर्यंत न्यायची आणि वाटेत थेंबही सांडू द्यायचा नाही. तेवढ्या वेळात एकटकची पापणी लवलेली कोणी पाहिली नव्हती. नवे कामगार या गोष्टीला आधी हसत, मग एकदा वर मान करून केबिनच्या काचेमागचे ते दोन डोळे बघत आणि मुकाट्याने कामाला लागत.

हे सगळं त्याच्या उस्तादाचं शिक्षण. उमेदवारीच्या काळात उस्ताद पाठीमागे उभा राही आणि पापणी लवली रे लवली की टाळूवर टपली मारी. "लॅडल हवेत आहे तोवर डोळा मिटायचा नाही. तू इकडे मिटतोस, तेवढ्यात तिकडे खालचा माणूस हलतो." उस्ताद कधीच गेला, टपली मात्र टाळूवरच राहिली. आणि अंगात मुरलेली सवय काही घरी आल्यावर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. जेवायला बसल्यावरही तो ताटाकडे असा बघत राही की बायको म्हणे, "ताट कुठे पळून जात नाहीये. मिटा जरा डोळे."

गेल्या थंडीपासून त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं होतं. फाउंड्रीत वाळूला तोटा नाही, तेव्हा दोष वाळूला देऊन तो मोकळा झाला. मग सकाळी पापण्या चिकटू लागल्या. गेटबाहेर वारा लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी येई आणि पानवाला विचारी, "काय हो, घरी सगळं ठीक ना?" पण खरी गोष्ट वर केबिनमध्ये होती, आणि ती त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. बघता बघता खालचं चित्र विरघळायचं. काचेवर कोणी तोंडाची वाफ सोडावी तसं. साचे, खांब, माणसं, सगळं एकमेकांत मिसळून जायचं.

"पाणी जास्त झालंय डोळ्यांत," असं निदान त्याने स्वतःच करून टाकलं. रोगीही तोच आणि वैद्यही तोच, मग फीचा प्रश्नच मिटला. औषधाच्या दुकानातून त्याने लाली घालवणारे थेंब आणले. ते टाकले की तासभर डोळे धुतल्यासारखे पांढरे दिसत, नंतर आधीपेक्षा जास्त झोंबत. केबिनमधल्या पंख्याचं तोंड त्याने थेट चेहऱ्याकडे वळवलं. हेतू हा, की पाणी सुकावं.

कंपनीची डोळ्यांची तपासणी झाली, त्यात त्याने तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली. खुर्चीत बसून अक्षरं वाचताना माणूस पाहिजे तेवढ्या वेळा पापण्या लववतो, आणि पापणी लवली की त्याला लख्ख दिसे. तपासणाऱ्याने पाठ थोपटली. त्या शाबासकीने एकटकला बरं वाटायला हवं होतं, पण त्याची काळजी वाढली. डोळे शाबूत आहेत असं सगळे म्हणतात आणि खालचा माणूस तर आपल्याला दिसत नाही.

आणि खालचा माणूस कोणी परका नव्हता. साच्यांजवळ उभा राहून हाताने खुणा करणारा, 'आण', 'हळू', 'थांब' सांगणारा, तो एकटकचा जावई होता. एकुलत्या एका लेकीचा नवरा. त्याला इथे चिकटवलं तेही एकटकनेच. सासरा वर, जावई खाली. लोक म्हणत, "जग जावयाला डोक्यावर बसवतं, इथे सासराच जावयाच्या डोक्यावर बसलाय." दोघांचं बोलणं बेताचंच. तो याला 'मामा' म्हणे, हा त्याला 'जावईबापू'. भट्टीच्या ढणढणाटात एकमेकांना 'तुम्ही' म्हणणारे हे दोनच कामगार.

तपासणी झाली त्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. लॅडल साच्यापाशी पोचत होती. जावयाने हात वर केला असणार. एकटकला दिसला तो नुसता पिवळा ठिपका, त्याच्या हेल्मेटचा, आणि त्याच्या बाजूला काहीतरी हललं. 'आण' की 'थांब'? पापणी लववली असती तर कळलं असतं. पण टाळूवर टपली बसल्यासारखी झाली आणि तो डोळे ताणून बघत राहिला. लॅडल हातभर पुढे गेली आणि साच्याच्या पेटीला घासली. रस हिंदकळून ठिणग्यांचा कारंजा उडाला, आणि जावयाने मागे उडी घेतली. एक थेंब त्याच्या बुटावर पडून चामड्यातून आत शिरला.

फोरमन धावत आला. "खूण कोणाची चुकली?"

"माझी," जावई बुटाचे बंद सोडता सोडता म्हणाला. "हात वर करायला उशीर झाला."

"पुन्हा झालं तर इथे दुसरा माणूस उभा करीन आणि तुम्हाला वाळू चाळायला पाठवीन."

एकटक शिडीवरून अर्धा उतरला होता. त्याने सगळं ऐकलं. चूक आपली, हे त्याला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या मुठीत दुसऱ्याची अब्रू असेल तर ती हाताला चटके देते. त्याला स्वतःची किळस आली. तरी तो बोलला नाही, कारण बोललं की केबिन गेली. क्रेनवरून उतरवलेल्या ऑपरेटरला कंपनी गेटवरच्या स्टुलावर बसवते, आणि त्या स्टुलावर बसलेली माणसं त्याने पाहिली होती.

एकटकचे जुने बूट मागायला घरी आलेल्या जावयाकडून एकटकच्या बायकोला बातमी कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दारात उभी राहिली. "डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावलाय. चला. आणि वाळू गेली म्हणून मला सांगायचं नाही."

दवाखान्यात बायको बाहेर बाकावर बसली. आत डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत पिवळ्या रंगाचा थेंब सोडला, हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली आणि निळा दिवा लावला. "एकदा पापणी लववा. आता मिटू नका."

इथे तरी आपण जिंकलो, असं एकटकला वाटलं. "म्हणाल तितका वेळ, बाई."

"नको. बघून झालं माझं."

"एवढ्यात?"

"डोळ्यावर पाण्याचा पातळ पदर असतो. तो असतो म्हणून स्वच्छ दिसतं. तुमचा पदर पापणी उघडल्या उघडल्याच फाटतोय. पुसलेली फरशी जागोजागी वाळत जाते ना, तसा."

"पण माझ्या डोळ्यांतून तर पाणी वाहतं. धार लागते."

"कोरडे पडतात म्हणून वाहतं. डोळा घाबरून पाणी सोडतो, पण ते नुसतं पाणी. त्याच्यावर तेलाचा तवंग लागतो, म्हणजे ते टिकतं. ते तेल पापणीच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं आणि पापणी लवली की डोळ्यावर पसरतं. तुमच्या ग्रंथी तुंबल्यात. काम काय करता?"

त्याने सांगितलं. भट्टीची वर येणारी धग सांगितली, पंखा सांगितला, दुकानातले थेंब सांगितले. शेवटी उस्तादाची टपली सांगितली, जरा अभिमानानेच. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"म्हणजे जन्मभर तुम्ही डोळ्यांत तेल घालून काम केलंत आणि डोळ्यांतलं तेवढं तेल संपवलंत." त्या हसल्या, पण तो हसला नाही हे बघून थांबल्या. "हे बरं होण्यासारखं आहे. गरम पाण्याच्या घडीने पापण्या शेका, मी देते तेच थेंब टाका, पंखा बंद करा. पण बरं होईपर्यंत क्रेनवर चढायचं नाही. आणि पापण्या लववायला शिका."

"लॅडल हवेत असताना?"

"तेव्हा तर आधी."

बाहेर बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"थेंब दिलेत. चष्मासुद्धा लागत नाही म्हणाल्या," त्याने सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण त्याने अर्धंच सांगितलं होतं. राहिलेलं अर्धं खिशात घालून तो दुसऱ्या दिवशी शिडी चढला.

पंखा मात्र त्याने बंद ठेवला. तेवढ्यावर देव पावेल असं त्याला वाटत होतं. भट्टीतून रस लॅडलमध्ये पडला, खालून धग वर आली आणि केबिनचा पत्रा तापला. त्याने लॅडल उचलली. पहिले साचे नीट भरले. दर वेळी जावयाचा हात दिसला, दर वेळी त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. मग लांबच्या कोपऱ्यातला मोठा साचा आला. तिथवर जायचं तर आख्खी फाउंड्री ओलांडायची.

अर्ध्या वाटेवर चित्र विरघळायला लागलं. आधी खांब गेले, मग साच्यांच्या कडा. जमिनीवरची पांढरी रेषाही गेली. लॅडल चालू असताना त्या रेषेच्या आत कोणी यायचं नाही, हा फाउंड्रीचा पहिला नियम. खुणा करणारा रेषेपलीकडे, शेवटच्या खांबाला लागून उभा असतो. एकटकने तिथे पिवळा ठिपका शोधला. तो तिथे नव्हता. तो अलीकडे होता, बराच अलीकडे, आणि मोठा दिसत होता.

डोळे फसवतायत, त्याने मनाशी म्हटलं. जावईबापू नियमाचे पक्के, ते रेषा ओलांडणार नाहीत. हात क्रेन चालवायच्या दांड्यावर होता आणि लॅडल पुढे सरकत होती. त्याने डोळे आणखी ताणले. ठिपका आणखी पसरला.  मिटू नकोस, टाळू म्हणत होती. तू मिटतोस तेवढ्यात खालचा माणूस हलतो.

त्याने दांडा सोडला. क्रेन कुरकुरत थांबली आणि लॅडल जागच्या जागी डुलत राहिली. आणि सगळ्या फाउंड्रीदेखत, रस हवेत असताना, एकटकने दोन्ही डोळे घट्ट मिटले.

खाली कोणीतरी ओरडलं. त्याने डोळे उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. काच पुसल्यासारखं चित्र परत आलं. रेषा आली, खांब आले. ठिपका खरा होता. जावई रेषेच्या कितीतरी आत, लॅडलच्या वाटेत येऊन, दोन्ही हात डोक्यावर धरून उभा होता. हात 'थांब' म्हणत होते. कधीपासून म्हणत होते कोण जाणे. लॅडल आणखी थोडी सरकली असती तर तिने त्याला गाठलंच असतं.

एकटकने घंटा वाजवली आणि काचेतून हाताने मागे व्हा म्हणून सांगितलं. जावई रेषेबाहेर गेला, ते त्याने पापण्या लववत लववत पाहिलं. मग लॅडल आल्या वाटेने परत नेऊन स्टँडवर ठेवली आणि तो खाली उतरला. 

फोरमन शिडीपाशीच होता. "रस थंड होतोय आणि तुम्ही वर डोळे मिटून बसलात?"

"मिटले म्हणून दिसलं, साहेब." एकटक म्हणाला. "मला वरून नीट दिसत नाही. डॉक्टरांनी चढू नका म्हणून सांगितलं होतं, तरी चढलो. परवाची चूकही माझीच. यांची खूण वेळेवर होती."

फोरमनने त्याच्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. रागावायचं कोणावर हे त्याचं ठरेना. "मग आता वर कोण जाणार?"

"दुसऱ्या पाळीच्या माणसाला बोलवा. कोणीही चालेल. पापणी लववणारा असू दे म्हणजे झालं."

फोरमन फोनकडे गेला. सासरा आणि जावई वाळूच्या पेटीवर बसले. 

"तुम्हाला ठाऊक होतं, जावईबापू?"

"बूट भाजला त्या दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला काय बोलणार, मामा?"

"आणि आज रेषेच्या आत का आलात?"

जावयाने हेल्मेट मांडीवर घेतलं आणि त्याच्यावरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला. "लांबून दिसत नाही तुम्हाला. म्हटलं, जवळ गेलो तर दिसेन."

 जन्मात कधी जावयाच्या अंगाला हात लावला नव्हता एकटकने. आज त्याने तो लावला. उस्ताद मारायचा तशीच, अगदी तेवढ्याच जोराची एक टपली जावयाच्या टाळूवर मारली. हात मात्र लगेच उचलला नाही, तिथेच राहू दिला.