कोल्शावरची पक्षीण

माझी मुलगी झाली तेव्हा आम्ही आखातात, अल् खुवैरला नवे होतो. आईचा पाय मोडल्यामुळे तिला पुण्याहून येता आलं नाही, आणि सासूबाई विमानाला घाबरायच्या. माझं बाळंतपण केलं ते समोरच्या फ्लॅटमधल्या गोव्याच्या आंटींनी. रोज सकाळी त्या पेज घेऊन यायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या आणि मला दटावायच्या, "बाय, आधी पोटात घाल, मग रड."

मी खरंच फार रडायचे तेव्हा.

बारशाच्या आदल्या दिवशी आंटींनी एक जुनी, जड चादर आणली. त्या तिला 'कोल्शा' म्हणायच्या. पोर्तुगीज अमलात त्यांच्या पणजीने नन्सकडे शिकून ती रेशमाने भरली होती. कडेने गव्हाच्या लोंब्या, द्राक्षांचे घोस, आणि मधोमध लांब चोचीची एक पक्षीण, स्वतःच्याच छातीत चोच खुपसलेली. खाली पिल्लं चोची वासून बसलेली. छातीवर लाल रेशमाचे थेंब. त्यांच्या घरात बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळाला यावर निजवत. सणाची मिरवणूक दारावरून जायची तेव्हा हीच चादर खिडकीतून बाहेर सोडत. इथे आंटी ती नाताळात सोफ्यावर पसरायच्या.

"उद्या पाळण्यात हीच घालूया," त्या म्हणाल्या.

मी हौसेने सासूबाईंना फोटो पाठवला. लगेच फोन आला. "अगं, हे रक्त कसलं? बारशाला असलं अभद्र नको हं."

फोन स्पीकरवर होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आंटींनी तो शांतपणे माझ्या हातातून घेतला.

"ताई, पेलिकन म्हणतात हिला. पिल्लं उपाशी मरायला लागली की ही आपली छाती फोडून त्यांना रक्त पाजते, असं आमच्यात मानतात. म्हणून आम्ही तिच्यात येशूला बघतो. गहू म्हणजे चर्चमधल्या मिस्सेतली भाकरी, द्राक्षं म्हणजे वाइन. पण माझी आजी सांगायची, तिच्या आईने हे भरलं तेव्हा तिच्या मांडीवर तान्हं मूल होतं."

मग सासूबाईंनी विचारलं, "आमच्या सुनेला दूध पुरतंय का हो?"

"पुरतंय. मी बघतेय ना."

"मग घाला तीच. पाळणा मी इथून म्हणते."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोनवर पाळणा चालला होता आणि इथे आंटी झोका देत होत्या. शब्द येत नव्हते, तरी चाल गुणगुणत होत्या. बाळ शांत झोपलं. रडले ती मी, पण ते रडणं निराळं होतं.

काही वर्षांनी आंटींचे यजमान निवृत्त झाले आणि ते दोघं मडगावला गेले. सामान बांधताना कोल्शाची आम्ही दोघींनी मिळून घडी केली. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. घडी होता होता आम्ही अगदी समोरासमोर आलो.

त्या गेल्यावर कित्येक महिने मी सकाळी दाराची कडी काढून ठेवत होते.